अवयव प्रत्यारोपणासाठी परदेशी जाताना: परतीच्या दिवसापासून उलटी मोजणी

मुंबईतून अवयव प्रत्यारोपणासाठी परदेशी जाण्याचा विचार करणारी कुटुंबे बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतात तो "कुठल्या देशात लवकर नंबर लागेल?" हा. वैद्यकीय समाजसेवक म्हणून कागदपत्रांच्या टेबलामागे बसून अशी अनेक कुटुंबे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की हा प्रश्न चौथा किंवा पाचवा असायला हवा. पहिला प्रश्न असा, की शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी रुग्ण सहारच्या विमानतळावर उतरेल, त्या आठवड्यात त्याचे रक्त कोण तपासणार, गोळ्यांचा डोस कोण ठरवणार आणि रात्री दोन वाजता ताप भरला तर फोन कोणाला लावायचा. शस्त्रक्रिया काही तासांची असते, पण बसवलेला अवयव सांभाळण्याचे काम त्यानंतर कित्येक वर्षे मुंबईतच करायचे असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या परतीच्या दिवसाकडे डोळा ठेवूनच मांडल्या आहेत. भर प्रामुख्याने मूत्रपिंड आणि यकृतावर आहे, कारण जिवंत दात्याकडून घेता येतील असे मुख्य अवयव हेच दोन.

आधी इथे काय शिल्लक आहे ते पाहावे

प्रत्यारोपणाच्या संख्येत भारत आज जगातल्या पहिल्या काही देशांत आहे आणि आखाती देशांतून, आफ्रिकेतून रुग्ण उपचारांसाठी आपल्याकडे येतात. त्यामुळे "इथे होत नाही म्हणून बाहेर जायचे" हे कारण फार थोड्या रुग्णांना लागू पडते. आतडे किंवा एकाच वेळी अनेक अवयव बदलण्यासारखी दुर्मिळ शस्त्रक्रिया असेल, दाता होऊ इच्छिणारा भाऊ किंवा मुलगी परदेशात स्थायिक असेल, किंवा रुग्ण स्वतःच तिथला रहिवासी असेल, तर परदेशी जाण्याला अर्थ आहे. केवळ प्रतीक्षा यादी लांब आहे हेच कारण असेल, तर आधी पुढील चार गोष्टी खरोखर करून झाल्या आहेत का, हे स्वतःला विचारावे.

पहिली गोष्ट नोंदणीची. मुंबई आणि परिसरातील मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचे वाटप शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या आवारातून चालणारे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र, म्हणजे झेडटीसीसी, पाहते. तिथे रुग्णाला परस्पर नाव घालता येत नाही, मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फतच नोंदणी होते. "डॉक्टर म्हणाले होते, फॉर्म भरला होता" असे सांगणाऱ्या रुग्णाकडे नोंदणी क्रमांकच नसतो, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता सगळ्यात आधी तो क्रमांकच मागतो. दुसरी गोष्ट अशी, की रक्तगट जुळत नाही म्हणून घरातल्या दात्याला नकार मिळाला असेल, तर त्याच अडचणीत सापडलेल्या दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करता येते. २०११ च्या दुरुस्तीने या स्वॅप प्रत्यारोपणाला मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात जागा दिली असून, दोन्हीकडचे दाते आपापल्या रुग्णाचे निकटचे नातेवाईक असावे लागतात. तिसरी, भिन्न रक्तगटाच्या दात्याचे मूत्रपिंड विशेष तयारी करून बसवण्याची सोय मुंबईतल्या काही मोठ्या रुग्णालयांत आहे. चौथी, फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने नोंदणीसाठीची अधिवासाची अट आणि पासष्ट वर्षांची वयोमर्यादा काढून टाकण्याचे धोरण जाहीर केले. त्यामुळे हृदय किंवा फुप्फुसाच्या रुग्णाला चेन्नई वा हैदराबादसारख्या शहरातील केंद्राचा पर्याय तपासता येतो, आणि तो पर्याय परदेशाच्या आधी यावा.

परदेशातल्या यादीत नाव घालून मुंबईत बसून राहू, असेही काहींना वाटते. अवयव शरीराबाहेर किती वेळ टिकतो हे समजले की तो विचार आपोआप मागे पडतो. हृदयाला साधारण चार ते सहा तास मिळतात, यकृताला बारा तासांच्या आसपास आणि मूत्रपिंडाला फार तर दीड दिवस. मुंबईहून सिंगापूरचे नुसते विमान साडेपाच तासांचे आहे. म्हणजे मृत दात्याच्या अवयवासाठी थांबायचे तर तिथेच घर भाड्याने घेऊन थांबावे लागते, आणि किती महिने ते कोणीच सांगू शकत नाही.

कायद्याची रेषा कुठे आहे

अवयवांच्या व्यापाराविरुद्ध २००८ मध्ये तयार झालेल्या आणि २०१८ मध्ये सुधारलेल्या इस्तंबूल जाहीरनाम्यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. उपचारासाठी सीमा ओलांडणे हा प्रवास आहे आणि तो वैध असू शकतो. त्या प्रवासात दात्याची खरेदी असेल, किंवा परदेशी रुग्णांमुळे तिथल्या नागरिकांच्या वाट्याचे अवयव आणि सोयी कमी पडत असतील, तर त्याला प्रत्यारोपण पर्यटन म्हणतात. दलालाच्या बोलण्यात ही रेषा कधीच दिसत नाही, म्हणून ती रुग्णाने स्वतः शोधायची असते.

मृत दात्यांचे अवयव आधी आपल्या नागरिकांना आणि रहिवाशांना द्यायचे, असेच बहुतेक देशांचे धोरण आहे. ब्रिटनमध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा हक्क असलेल्या रुग्णांचा पहिला गट असतो आणि त्या गटात योग्य रुग्ण सापडला नाही तरच अवयव दुसऱ्या गटाकडे जातो. अमेरिकेत परदेशी रुग्णाला यादीत घेण्यास बंदी नाही, पण घ्यायचे की नाही ते त्या त्या रुग्णालयावर असते आणि आधी मोठी अनामत भरावी लागते. इराणमध्ये जिवंत दात्याला सरकारी चौकटीत मोबदला मिळतो, हे ऐकून अनेक जण तिकडे पाहतात. ती व्यवस्था इराणी नागरिकांपुरती असून परदेशी रुग्णाला इराणी दात्याचे मूत्रपिंड देण्यास तिथे मनाई आहे. चीनने २००७ मध्ये आणि फिलिपिन्सने २००८ मध्ये परदेशी रुग्णांसाठीचे दरवाजे बरेचसे बंद केले. या सगळ्याचा अर्थ एवढाच, की सर्वसाधारण मुंबईकर कुटुंबाला परदेशात उपलब्ध असलेला वैध मार्ग जवळजवळ नेहमी एकच असतो: आपला नात्यातला जिवंत दाता आपल्याबरोबर नेणे, किंवा तो तिथेच असेल तर त्याच्याकडे जाणे.

दलाल ओळखण्यासाठी फार हुशारी लागत नाही. ज्या खर्चाच्या अंदाजपत्रकात "डोनर" नावाची ओळ असते, त्या अंदाजपत्रकापाशीच थांबावे. दाता कोण हे न सांगता शस्त्रक्रियेची तारीख आधीच पक्की देणे, वैद्यकीय व्हिसाऐवजी पर्यटक व्हिसावर या असे सुचवणे, "परवानगी समितीसमोर चुलत भाऊ आहे म्हणा" असे पढवणे, आणि पैसे रुग्णालयाच्या खात्याऐवजी कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात किंवा रोखीने मागणे, यातली एक खूणही पुरेशी आहे. भारतातल्या कायद्यात अवयवांच्या खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षांचा तुरुंगवास आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड आहे. भारतीय न्याय संहिता भारतीय नागरिकाने देशाबाहेर केलेल्या गुन्ह्यालाही लागू होते, आणि मानवी तस्करीच्या तिच्या व्याख्येत जबरदस्तीने अवयव काढून घेणेही येते. २०२४ मध्ये केरळात उघडकीस आलेल्या, माणसे इराणला नेऊन त्यांची मूत्रपिंडे काढल्याच्या प्रकरणाचा तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला होता. अशा व्यवहारात दात्याला सांगितलेल्या रकमेतले किती मिळते आणि पुढे त्याची प्रकृती कोण पाहते, हे रुग्णाला कधी कळत नाही. आणि खरे तर तेच त्याने आधी विचारायला हवे होते.

दात्याशी वेगळे बोलावे

आपल्याकडे जिवंत दात्यांत बायका जास्त आणि अवयव घेणाऱ्यांत पुरुष जास्त, ही गोष्ट प्रत्यारोपण विभागातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे दाता ठरला की घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि सासरच्यांना बाजूला ठेवून, समुपदेशकाने त्या व्यक्तीशी एकटीशी बोलावे असा आग्रह धरावा. नकार द्यायचा असेल तर डॉक्टर "वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही" एवढेच घरच्यांना सांगतात आणि खरे कारण गोपनीय राहते, हे दात्याला आधीच माहीत असायला हवे. मुंबईत ही गोष्ट कशीबशी साधता येते, परंतु परक्या देशात, परक्या भाषेत, पासपोर्ट दिराच्या बॅगेत असताना ती फार अवघड होते.

अमेरिकेतल्या केंद्रांना दात्याची बाजू पाहणारी स्वतंत्र व्यक्ती नेमावी लागते. इतर देशांतही नीतीविषयक समिती दात्याची मुलाखत घेते. या मुलाखतीसाठी मराठी किंवा हिंदी दुभाषा आधीच लेखी मागून ठेवावा, आणि घरातल्या माणसाने दुभाष्याचे काम करू नये. भाषांतर करणारा स्वतः रुग्णाचा मुलगा असेल, तर आईचा घाबरलेला होकार आणि मोकळा होकार यांतला फरक समितीपर्यंत कसा पोहोचेल?

कागदपत्रे: सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो

भारतीय कायद्यानुसार निकटच्या नातेवाइकांत पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातवंडे येतात. परदेशातल्या रुग्णालयाचे नियम वेगळे असले तरी नाते कागदावर सिद्ध करणे कुठेही टळत नाही. आणि मराठी कुटुंबाची खरी अडचण तिथेच सुरू होते, कारण आपल्या नावात मधले नाव असते आणि लग्नानंतर बाईचे ते मधले नावही बदलते.

एका फाईलचे उदाहरण देतो. परळला राहणाऱ्या एका गृहस्थांना त्यांची धाकटी बहीण मूत्रपिंड देणार होती. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव होते. आधार कार्डावर सासरी ठेवलेले नाव, नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव होते, म्हणजे तिन्ही शब्द वेगळे. पासपोर्टवर पहिले नाव माहेरचे आणि आडनाव सासरचे. भावाच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एका प्रकारे लिहिलेले आणि बहिणीच्या दाखल्यावर शेवटचा "राव" गळलेला. रक्ताच्या या सख्ख्या नात्यात कागदावर चार वेगवेगळी माणसे दिसत होती. विवाह नोंदणी प्रमाणपत्र, नावबदलाची राजपत्रातील प्रसिद्धी, जुने रेशन कार्ड आणि नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र असे सगळे जोडता जोडता अडीच महिने गेले, आणि त्या काळात रुग्णाचे आठवड्याला तीन डायलिसिस चालूच होते. म्हणून वैद्यकीय तपासण्या सुरू व्हायच्या दिवशीच रुग्ण आणि दाता यांचे पासपोर्ट, जन्मदाखले, शाळेचे दाखले, आधार आणि पॅन टेबलावर ओळीने मांडून प्रत्येक नावाचे स्पेलिंग मोठ्याने वाचून पाहावे. हे काम घरच्या घरी अर्ध्या तासात होते.

मराठीतल्या दाखल्यांचे इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून घ्यावे. जाण्याचा देश हेग अपॉस्टिल कराराचा सदस्य असेल, तर राज्य सरकारच्या पातळीवरील साक्षांकनानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल (सदस्य देशांत चालणारे साक्षांकन) लागतो, आणि नसेल तर त्या देशाच्या वकिलातीचे साक्षांकन घ्यावे लागते. भारत या करारात २००५ पासून आहे. व्हिसा वैद्यकीय प्रकारचाच मागावा, सोबतच्या माणसांचाही त्याच कारणासाठी मागावा, आणि परत येण्याची तारीख पुढे जाणारच असे गृहीत धरून मुदतवाढीचे नियम आधी विचारून ठेवावेत.

सोबत किती माणसे न्यायची, याचे उत्तर "एक" असे कधीच नसते. शस्त्रक्रियेच्या दिवशी कुटुंबात दोन रुग्ण असतात, आणि अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या एकाच माणसाचे लक्ष रुग्णाकडे असते, दात्याकडे राहत नाही. दात्यासाठी वेगळा माणूस असावा, ही माझ्या मते अट समजावी.

तपासण्या आणि लसी इथेच उरकून जावे

रक्तगट, एचएलए टायपिंग (दोघांच्या पेशींवरच्या खुणा किती जुळतात ते), क्रॉसमॅच (दोघांचे रक्त एकमेकांना चालते का ते), दात्याविरुद्ध रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडे आहेत का याची चाचणी, हिपॅटायटिस बी व सी, एचआयव्ही, सीएमव्ही आणि ईबीव्ही या विषाणूंच्या चाचण्या, हृदयाचा इको व गरज असेल तर अँजिओग्राफी, दात्याची मूत्रपिंडे किती काम करतात ते दाखवणारा डीटीपीए स्कॅन आणि सीटी अँजिओग्राफी, इतक्या गोष्टी मुंबईत करून मूळ अहवाल आणि स्कॅनच्या सीडी घेऊन जाव्यात. परदेशातले केंद्र यांतल्या काही पुन्हा करील, पण दाता अयोग्य ठरायचा असेल तर ते मुंबईत कळलेले बरे, तिथे पोहोचल्यावर नव्हे. दात तपासून घेण्याची गोष्ट घरात कुणाला महत्त्वाची वाटत नाही, पण किडलेली दाढ शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाचे घर होते.

क्षयरोगाचा प्रश्न आपल्याकडच्या रुग्णांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. फुप्फुसात निद्रिस्त असलेला क्षय प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू झाली की उठतो, आणि ज्या देशात क्षय फारसा नाही तिथल्या डॉक्टरांच्या मनात ही शंका शेवटी येते. घरात, चाळीत, कामाच्या ठिकाणी कुणाला टीबी झाला होता का, हे लपवू नये. छातीचा एक्सरे आणि निद्रिस्त क्षय शोधणाऱ्या इग्रा या रक्तचाचणीचा अहवाल फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवावा. पुढे क्षयावर उपचार करायची वेळ आलीच, तर रिफाम्पिसिन हे नेहमीचे औषध टॅक्रोलिमसची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मुख्य औषधाची, रक्तातील पातळी झपाट्याने खाली आणते, ही गोष्ट प्रत्येक डॉक्टरला आठवण करून द्यावी लागेल.

लसींचे वेळापत्रक उलटे मोजावे लागते. डायलिसिसवरच्या रुग्णाला हिपॅटायटिस बीची लस दुप्पट मात्रेत, शून्य, एक, दोन आणि सहा महिन्यांनी देतात, म्हणजे नुसत्या तिलाच अर्धे वर्ष लागते. कांजिण्यांसारख्या जिवंत विषाणूंच्या लसी शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी व्हायला हव्यात, कारण प्रत्यारोपणानंतर त्या देत नाहीत. न्यूमोकोकल आणि फ्लूच्या लसींचेही आधीच विचारून घ्यावे.

पैशांचा हिशेब

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. उपचारासाठी याहून जास्त लागणार असतील, तर भारतातल्या डॉक्टरांचे किंवा परदेशातल्या रुग्णालयाचे अंदाजपत्रक दाखवून बँक त्या रकमेपर्यंत परकीय चलन देऊ शकते. पैसे बाहेर पाठवण्याच्या ए-टू फॉर्मवर प्रवासाचा नव्हे तर वैद्यकीय उपचाराचा उद्देश संकेतांक पडला आहे ना, हे सही करण्याआधी पाहावे. १ एप्रिल २०२५ पासून दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे बँक पैसे पाठवतानाच गोळा करते तो कर, लागतो, आणि त्याचा दर उपचारासाठी इतर बहुतेक उद्देशांपेक्षा बराच कमी आहे. तो कर विवरणपत्र भरताना जमेला धरला जातो, पण रक्कम भरायच्या दिवशी हातात लागतेच.

रुग्णालयाकडून अंदाजपत्रक घेताना चार आकडे वेगवेगळे मागावेत: रुग्णाची शस्त्रक्रिया, दात्याची शस्त्रक्रिया, गुंतागुंत झाल्यास दिवसाला येणारा अतिदक्षता विभागाचा खर्च, आणि नवा अवयव लगेच चालू न झाल्यास पुढचे डायलिसिस. शेवटचे दोन आकडे कुणी आपणहून देत नाही. घरभाडे, दोन सोबत्यांचा खर्च आणि तीन महिन्यांच्या गोळ्या हे सगळे त्याच्या बाहेरचे. आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी देशातल्या उपचारांपुरत्याच असतात, आणि प्रवास विम्यात आधीच ठरवून केलेले उपचार बसत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आणि धर्मादाय संस्थांच्या मदतीचा आधारही मुख्यतः इथल्या रुग्णालयांसाठी आहे, हे लक्षात घेतल्यावर परदेशाचा विचार पुन्हा एकदा तपासून पाहणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांनी तो वेळीच तपासला, यात कमीपणा काही नाही.

डायलिसिसवरच्या रुग्णाचा प्रवास

निघण्याच्या आदल्या दिवशी डायलिसिस करून घ्यावे आणि पोहोचल्यावर दुसऱ्या दिवसाची जागा लेखी पक्की असावी. तिथल्या केंद्राला पाठवायच्या कागदात ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचे वजन), रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपॅरिनची मात्रा, फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायची रक्तवाहिनी) कोणत्या हातात आहे ते, शेवटच्या तीन डायलिसिसच्या नोंदी आणि हिपॅटायटिसचा ताजा अहवाल हवा, कारण हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णासाठी वेगळे यंत्र ठेवावे लागते. रुग्णाच्या प्रकृतीची माहिती देणारा विमान कंपनीचा मेडिफ फॉर्म डॉक्टरांकडून आधी भरून घ्यावा. औषधे चेक-इनच्या बॅगेत टाकू नयेत. विमानात मिळणारे फळांचे रस आणि टोमॅटोचे सूप पोटॅशियममुळे टाळावे, आणि आठ तासांच्या प्रवासात किती पाणी प्यायचे ते नेफ्रॉलॉजिस्टला मिलिलिटरमध्ये विचारावे. "थोडे थोडे प्या" या सल्ल्याचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा होतो.

तिथून निघण्यापूर्वी

सगळे सुरळीत झाले तर मूत्रपिंडाचा दाता दोन-तीन आठवड्यांत आणि यकृताचा दाता त्याहून बराच उशिरा प्रवास करू शकतो. रुग्णाने मात्र दोन ते तीन महिने त्या केंद्राच्या जवळच राहावे. पैसे संपत आले म्हणून सहाव्या आठवड्यात परतण्याचा मोह होतो, पण रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने अवयव नाकारण्याचा, आणि संसर्गाचा धोका याच काळात सर्वांत जास्त असतो.

रुग्णालय सोडताना मिळणारा दोन पानी डिस्चार्ज सारांश पुरेसा नसतो. त्याच्या जोडीला शस्त्रक्रियेचे टिपण, दात्याचे वय, रक्तगट, एचएलए आणि विषाणू चाचण्या, प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी सुरुवातीला कोणते इंडक्शन औषध दिले ते, टॅक्रोलिमसच्या सगळ्या पातळ्यांचा तक्ता आणि कोणत्या तारखेला क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातला घटक) किती होते त्याची नोंद, हे सगळे इंग्रजीत मागून घ्यावे. मूत्रपिंड बसवताना मूत्रवाहिनीत बहुधा डीजे स्टेंट ही बारीक नळी ठेवतात आणि तो चार ते सहा आठवड्यांनी दुर्बिणीने काढायचा असतो. तो काढला आहे की अजून आत आहे, ही एक ओळ मोठ्या अक्षरांत लिहून घ्यावी. विसरलेल्या स्टेंटवर खडे साचतात, आणि मग मुंबईतला यूरॉलॉजिस्ट दुसऱ्याच्या कामाचा निस्तार करत बसतो.

मुंबईत परतल्यावर

ज्या नेफ्रॉलॉजिस्टकडे किंवा यकृततज्ज्ञाकडे परत यायचे, त्यांना जाण्यापूर्वीच सगळे सांगितलेले असावे. "डॉक्टर रागावतील म्हणून बोललो नाही" असे म्हणत थेट विमानतळावरून तापाने फणफणलेल्या रुग्णाला घेऊन येणारी कुटुंबे असतात. डॉक्टर उपचार नाकारत नाहीत, परंतु कागद नसताना त्यांना अंधारात चाचपडावे लागते. परदेशातल्या रुग्णालयातून औषधांना न जुमानणारे जिवाणू बरोबर येऊ शकतात, म्हणून पहिल्याच भेटीत लघवीचे कल्चर आणि हिपॅटायटिसच्या चाचण्या पुन्हा करतात.

टॅक्रोलिमसची गोळी दर बारा तासांनी, ठरलेल्या वेळी घ्यायची असते. सिंगापूरहून येताना घड्याळ अडीच तास मागे जाते, म्हणून वेळ कशी सरकवायची ते निघण्यापूर्वी विचारावे. न्यूयॉर्कहून येताना गंमत अशी होते की साडेनऊ-साडेदहा तासांच्या फरकामुळे तिथली सकाळची गोळी जवळजवळ इथली संध्याकाळची होऊन बसते आणि फार सरकवावे लागत नाही. रक्तातील पातळी तपासायच्या दिवशी सकाळची गोळी घेऊन जाऊ नये. ती डबीत घालून लॅबमध्ये न्यावी, रक्त दिल्यावर तिथेच पाण्याबरोबर घ्यावी, आणि रक्त किती वाजता दिले ते चिठ्ठीवर लिहावे. परदेशात ज्या ब्रँडची गोळी चालू होती ती इथे मिळत नसेल, तर ब्रँड डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बदलावा आणि आठवड्याभरात पातळी पुन्हा पाहावी. औषधवाल्याने "एकच कंटेंट आहे" असे सांगितले तरीही.

घरातल्या काही गोष्टींकडे मात्र डॉक्टरांचेही लक्ष जात नाही. गणपतीच्या दिवसांत घरोघर येणारे पपनस टॅक्रोलिमसची पातळी वाढवते, त्याच कुळातले ग्रेपफ्रूटही तसेच, त्यामुळे प्रसादाच्या ताटातली ती फोड बाजूला ठेवावी. प्रतिकारशक्ती वाढवणारे म्हणून कुणी आणून दिलेले गुळवेलीचे काढे घेऊ नयेत, कारण इथे प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते. खिडकीबाहेरच्या एसीच्या युनिटवर कबुतरांनी घर केले असेल तर रुग्ण घरी येण्यापूर्वी ते दुसऱ्या कुणीतरी ओल्या फडक्याने साफ करून जाळी बसवावी, कारण वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून येणारी क्रिप्टोकोकस ही बुरशी अशा रुग्णाच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकते. जुलैत हिंदमाताला किंवा मिलन सबवेला पाणी तुंबले असताना त्यातून चालू नये, आणि नाइलाजाने चाललेच तर लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर क्रोसिन घेऊन रात्र काढण्याऐवजी रुग्णालय गाठावे.

दात्याची फाईल रुग्णाच्या फाईलीत घालून ठेवू नये, ती वेगळी असावी. एका मूत्रपिंडावर जगणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनीन आणि लघवीतले प्रथिन तपासायचे असते, आणि ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घ्यायच्या नसतात. परळच्या त्या बहिणीने आपल्या तपासणीची तारीख घरच्या कालनिर्णयवर भावाच्या डायलिसिसच्या जुन्या खुणांशेजारी लाल शाईने लिहून ठेवली होती. दुसऱ्या वर्षी ती तारीख तिच्याऐवजी भावाने लिहिली.